हरुद

काश्मीरला जायचं ते मे महिन्यात, असं आमच्याकडे ठरूनच गेलेलं. त्यामुळे दिवाळीचा फराळ संपता संपता, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी आईला घेऊन निघाले तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलंच, "आता काय बघणार तिथे? पानगळ?"

हो, पानगळच. आपल्याकडे पानं झडतात ती माघ-फाल्गुनात, धूळ खात, कुणाचं फारसं लक्ष नसताना. आणि शरद म्हणजे कोजागिरीचं दूध सोडलं तर ऑक्टोबरचा चटका. श्रीनगरला विमानतळावरून येताना टॅक्सीवाले चाचा म्हणाले, "हरुदमध्ये आलात, बरं केलंत." हरुद म्हणजे पानगळीचा ऋतू. संस्कृतातल्या 'श'चा काश्मिरीत बरेचदा 'ह' होतो. शंभराला ते 'हथ' म्हणतात. म्हणजे हा हरुद आपला शरदच की! नाव आपल्याकडेही आहे, ऋतू मात्र इथे.

नसीम बाग हजरतबलजवळ, काश्मीर विद्यापीठाच्या आवारात आहे. मुघल काळापासूनची चिनारांची बाग. काही खोड इतकी रुंद की चौघांनी हात धरले तरी कवेत यायची नाहीत. पान पाच बोटं पसरलेल्या पंजासारखं. थंडी वाढली, दिवस आखडला की पानातलं हिरवं द्रव्य विरत जातं, आधीपासून दडलेला पिवळा वर येतो आणि लाल नव्याने तयार होतो. हे पुस्तकात वाचलं होतं. पण एकाच झाडावर हळद, वीट आणि गंजलेलं लोखंड एकदम दिसेल असं वाटलं नव्हतं. पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज. एक चिनार अजून हिरवागार होता, वर्गात उशिरा आलेल्या मुलासारखा.

फोटोसाठी मी पानांच्या एका ढिगात जाऊन उभी राहिले, तर एक बाई झाडू उगारून ओरडल्या. तो ढीग त्यांनी सकाळपासून गोळा केला होता. ही पानं जाळायची, पुरती राख व्हायच्या आत पाणी शिंपडून विझवायची आणि तो कोळसा पोत्यांत भरून ठेवायचा. हिवाळाभर तो कांगडीत घालतात आणि ती शेगडी फेरनच्या, म्हणजे तिथल्या ढगळ अंगरख्याच्या, आत धरून लोक ऊब घेतात. म्हणजे मी त्यांचं सरपण तुडवत होते. आई म्हणाली, "कुणी आपल्या गोवऱ्यांवर नाचलं तर आपण काय केलं असतं?" मी मुकाट्याने बाजूला झाले.

पाम्पोरला, केशराच्या शेतांच्या गावी, पहिल्या दिवशी आम्ही सकाळी दहाला पोचलो आणि पस्तावलो. केशराची फुलं ऊन चढायच्या आत खुडतात. शेतात नुसती माती आणि चार-दोन चुकलेली फुलं. दुसऱ्या दिवशी अंधारातच निघालो. तांबूस मातीच्या वाफ्यांवर, जमिनीला चिकटून, जांभळी फुलं. पूर्ण कुटुंब वाकून खुडत होतं, आजोबांपासून शाळेतल्या मुलीपर्यंत. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा, त्यामुळे मान वर करून गप्पा मारायला कुणाला सवड नव्हती. आमचीच बोटं नुसतं उभं राहून बधिरली.

नंतर त्यांच्या ओसरीवर फुलं निवडायला बसलो. एका फुलात लाल काड्या तीनच. एक ग्रॅम केशराला साधारण 150 फुलं लागतात. आईने मनात हिशेब केला आणि म्हणाली, "म्हणजे साडेचारशे काड्या! आणि मी कोजागिरीला चिमटीने टाकते." घरातल्या आजी केशराला 'कोंग' म्हणत होत्या. कोंग म्हणजे कुंकुम. संस्कृतात कुंकुम म्हणजे मुळात केशरच. आपण हळदीवर चुन्याची प्रक्रिया करून कुंकू केलं आणि नाव तेच ठेवलं. मी हे सांगत होते तेव्हा आईचं लक्ष नव्हतं. जांभळ्या पाकळ्यांतून काडी न तुटता सुटी करायला ती शिकत होती आणि तिला ते माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं.

घ्यायची वेळ आली तेव्हा तिच्यातली मंडईवाली जागी झाली. "पाणी आणा." आजी हसत उठल्या आणि फुलपात्रात कोमट पाणी घेऊन आल्या. आईने त्यांच्या जुन्या डबीतली एक वाळलेली काडी त्यात सोडली. खोटं असेल तर रंग भसकन उतरतो आणि काडी पांढरी पडते, हे तिला कुठून ठाऊक कोण जाणे. आम्ही तिघी वाकून बघत बसलो. बऱ्याच वेळाने काडीभोवती पिवळी रेघ उमटली, मग दुसरी. काडी लालच राहिली.

"दोन ग्रॅम द्या," आई म्हणाली.