तुम्ही विचारलंत म्हणून: पिकअपला कुठला एग्झॉस्ट लावू?

गणपतीत आरती झाली, प्रसादाची रांग लागली की कुणी ना कुणी मला बाजूला घेतंच. "दादा, मीपण सिल्व्हरॅडो पिकअप घेतली. पण आवाजच नाही हो तिला. तुम्ही कुठला एग्झॉस्ट लावलाय?" डॅलसकडे आलेला आपला माणूस पहिली काही वर्षं कॅमरीत काढतो. मग घर होतं, मागे अंगण येतं आणि अंगणात टाकायला खडी-माती आणायच्या निमित्ताने पिकअप येते. खडी एकदाच येते. मग उरतो आवाजाचा प्रश्न.

कंपनीचं नाव मी लगेच सांगत नाही. आधी विचारतो, रोज हायवेवर किती वेळ असता? यूट्यूबवर जो आवाज ऐकून तुम्ही भाळलात, तो उभ्या ट्रकच्या मागे माइक धरून, ॲक्सिलरेटर दाबून रेकॉर्ड केलेला असतो. तुम्ही बसणार केबिनमध्ये, काचा लावून, ताशी ७० मैलांवर. तिथे जो ऐकू येतो त्याला इथे ड्रोन म्हणतात. खालच्या पट्टीतला सलग घुंऽऽ, कानापेक्षा छातीत जास्त जाणवणारा. अर्ध्या तासात डोकं जड होतं आणि फोनवर बायको काय म्हणाली ते दोनदा विचारावं लागतं.

तो येतो कुठून, याचं गणित सोपं आहे. व्ही-८ इंजिनात क्रँकच्या दर फेऱ्याला चार सिलिंडर पेटतात. १८०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३० फेरे, म्हणजे १२० ठोके, अर्थात १२० हर्ट्झ. पण हे ट्रक पेट्रोल वाचवायला हायवेवर काही सिलिंडर झोपवतात. चारच चालू राहिले की आकडा ६० वर येतो. सिल्व्हरॅडोत २०१९च्या मॉडेलपासून आलेल्या डायनॅमिक फ्युएल मॅनेजमेंटमध्ये तर सिलिंडर चालू-बंद करायचे १७ नमुने आहेत. कंपनीचा मूळ मफलर, म्हणजे आवाज दाबणारा डबा, हे सगळं गिळेल असाच बनवलेला असतो. तो काढून मोकळा लावलात की केबिन रिकाम्या पिंपासारखी घुमते.

यावर इलाज आहे. मुख्य नळीला एक जास्तीची नळी जोडायची, जिचं दुसरं टोक बंद. तिच्यात शिरलेली आवाजाची लाट टोकाला आपटून परत येते ती उलटी होऊन, आणि मूळ लाटेलाच मारते. त्यासाठी नळीची लांबी लाटेच्या पाव हवी. गरम धुरात आवाज सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास धावतो, म्हणजे १२० हर्ट्झला साधारण मीटरभर नळी. ६० हर्ट्झला दुप्पट, आणि तेवढी जागा ट्रकखाली मिळायची मारामार. म्हणून सिलिंडर झोपवणाऱ्या इंजिनाला सगळ्यात सौम्य सिस्टिम घ्या, रेझोनेटरसकट, म्हणजे घुमणं कमी करणाऱ्या जास्तीच्या डब्यासकट. पार्किंगमध्ये थोडी कमी मजा येईल, येऊ दे.

मफलर मुख्यतः दोन जातींचे. एकात पत्र्याच्या भिंती असतात आणि धूर कप्प्याकप्प्यांतून आपटत जातो; फ्लोमास्टर कंपनीचा तो जुना गडगडाट यातला. दुसऱ्यात भोकं पाडलेली सरळ नळी आणि भोवती आवाज शोषणारं फायबर. बोर्ला, मॅग्नाफ्लो बहुतेक या वाटेचे. पहिला खरखरीत, दुसरा गोल. माझ्या कानाला दुसरा बरा. "दीडशे डॉलरांत मफलर कापूनच टाकतो" म्हणणाऱ्याला मी एवढंच सांगतो की सकाळी साडेपाचला थंड इंजिन सुरू होतं तेव्हा शेजारी झोपलेले असतात.

पॉवर? कॅट-बॅकने, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) मागचं सगळं बदलून, पाच-दहा हॉर्सपॉवर वाढले तर नशीब. सिल्व्हरॅडोच्या ५.३ लिटर इंजिनाच्या ३५५ हॉर्सपॉवरमध्ये ते तुम्हाला कळणारही नाहीत. "इंजिनाला थोडं बॅकप्रेशर लागतंच" असं सगळे छातीठोकपणे सांगतात. बॅकप्रेशर म्हणजे धुराच्या वाटेतला अडथळा, आणि तो कुठल्याच इंजिनाला नको असतो. हवा असतो धुराचा वेग. नळी फार रुंद केली की तो मंदावतो. ५.३ला तीन इंची एकेरी नळी भरपूर झाली.

कन्व्हर्टरला मात्र हात लावायचा नाही, क्लीन एअर ॲक्टखाली तो काढणं बेकायदा आहे. टेक्सासने २०२५ पासून खासगी गाड्यांची सेफ्टी तपासणी बंद केली म्हणून सगळं माफ झालं असं काहींना वाटतं. डॅलसच्या आसपास एमिशन तपासणी चालूच आहे. वॉरंटीची भीती मात्र निम्मी खोटी. १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे, केवळ बाहेरचा पार्ट लावला म्हणून ती नाकारता येत नाही. बिघाड त्या पार्टमुळे झाला हे दाखवावं लागतं.

पुण्याहून मामेभाऊ इसुझूच्या व्ही-क्रॉस पिकअपसाठी विचारतो. अरे, ते टर्बो डिझेल. निम्मा आवाज टर्बोच खातो, मफलर बदलून काय मिळणार? आणि बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतानाचे पोलिसांचे फोटो मला तूच पाठवतोस ना?

धातूचं म्हणाल तर टेक्सासात ४०९ जातीचं स्टेनलेस स्टील चालतं, वरवर तांबूस गंज धरतं एवढंच. मिशिगन, ओहायोकडे, जिथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे ३०४ जातीला पैसे घाला. जाहिरातीवर विश्वास नसेल तर चुंबक न्या. ३०४ला ते जेमतेम चिकटतं.

ऑर्डर करण्याआधी केबिन आणि मागच्या हौद्याची लांबी तपासा. क्रू कॅबचा (चार दारांच्या मोठ्या केबिनचा) व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, १४७ इंचही असतो आणि १५७ही, आणि नळी त्याप्रमाणे बदलते. जुने बोल्ट आदल्या रात्रीच तेलात भिजवून ठेवा. नळी टांगणाऱ्या रबरी हँगरमधून दांडा निघत नसेल तर साबणाचं पाणी मारा, हातोडा नको. क्लँप आधी सैल ठेवून सगळी नळी सरळ लटकतेय ना, स्पेअर टायरला घासत नाही ना ते बघा, मगच आवळा. पहिल्या दिवशी खालून धूर येईल, वास येईल. कारखान्यातलं तेल जळतंय, घाबरून फोन करू नका. दोन-चारदा गरम-थंड झालं की क्लँप पुन्हा एकदा आवळा.