कादंबरीच्या शेजारी काय ठेवायचं

ऑफिसच्या ग्रुपवर परत एकदा 'पुस्तकं सुचवा' सुरू झालंय आणि तीच दहा-बारा नावं फिरतायत. नावं चांगलीच आहेत, त्यातली बरीचशी मी दोन-दोनदा वाचलीयत, त्यामुळे त्यावर वाद नाही. पण ज्याला वर्षभर वाचत राहायचंय, कादंबरीपण हवीय आणि माहितीचंपण हवंय, त्याला अशी यादी फार लांब नेत नाही असं माझं पक्कं मत झालंय. एक पुस्तक संपतं, पुढच्याचा त्याच्याशी काही संबंधच नसतो, मग मधेच कुठेतरी वाचन थांबतं आणि माणूस म्हणतो की वेळच मिळत नाही.

मी काय करते ते सांगते. मी जोडी लावते. एक कादंबरी वाचली की त्याच जागेतलं, त्याच काळातलं किंवा तशाच माणसांबद्दलचं एखादं खरंखुरं पुस्तक शोधायचं, ते झालं की त्यातनं परत एखादी गोष्ट शोधायची. कधी उलट, आधी आत्मचरित्र आणि मग कादंबरी. एवढंच. पण याने वाचन कुठच्या कुठे जातं ते उदाहरण दिल्याशिवाय कळणार नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

विश्राम बेडेकरांची 'रणांगण' घ्या. १९३९ सालची. पानं थोडीच, शनिवारी सुरू केली तर रविवारी संपेल. युरोपातनं निघालेली बोट, त्यावर जर्मनीतनं हाकलले गेलेले ज्यू, आणि चक्रधर नावाचा आपला एक मराठी माणूस, आणि त्या ज्यूंमधलीच हॅर्टा. गोष्ट सांगत नाही, ज्यांनी वाचली नाही त्यांनी वाचायलाच पाहिजे. पण मला त्यातलं जे सगळ्यात जास्त हलवून गेलं ते हे की ही कादंबरी महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षीची आहे. म्हणजे पुढे छळछावण्यांमध्ये काय होणार हे लिहिणाऱ्याला माहितच नव्हतं, आणि आपण मात्र ते सगळं माहीत असताना वाचतो, बोटीवरची ती माणसं पत्ते खेळतायत, भांडतायत, आणि आपला जीव खालीवर होतोय. पुस्तक संपल्यावर मला राहवेना की या लोकांना हाकललं कसं, शेजारपाजारचे लोक गप्प कसे बसले. तर त्यासाठी वि. ग. कानिटकरांचं 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' आहे. जाडजूड आहे, पण मराठीत हा सगळा इतिहास इतका सलग आणि वाचता येईल असा मांडलेला आहे की जाडीची भीती पहिल्या काही प्रकरणांतच जाते. ते सरळ वाचायला घेतलं असतं तर कदाचित माझ्याकडनं पूर्ण झालं नसतं. पण डोक्यात हॅर्टा होती ना, त्यामुळे प्रत्येक कायदा, प्रत्येक हुकूम वाचताना याने त्या बोटीवरच्या अमक्याचं काय झालं असेल असं मनात येत राहिलं.

आता इथे थांबता आलं असतं. पण बेडेकर म्हटलं की त्यांच्या पत्नी मालतीबाई आल्याच. 'विभावरी शिरूरकर' हे टोपणनाव घेऊन १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' लिहिणाऱ्या त्या याच. त्या कथांवरनं तेव्हा केवढं वादळ उठलं हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्यांची 'बळी' किती जणांनी वाचलीय? मला ती फार उशिरा हातात आली, आणि ती वाचल्यावर पुढचे कित्येक दिवस मी भेटेल त्याला तेच सांगत होते. १९५० सालची कादंबरी. इंग्रजांनी १८७१ मध्ये एक कायदा केला होता, काही जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा. म्हणजे मूल जन्माला आलं की ते गुन्हेगार, त्याने काही केलेलं असो-नसो. या लोकांना तारेच्या कुंपणात, सेटलमेंटमध्ये ठेवायचे, रोज हजेरी, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. सोलापूरला अशी मोठी सेटलमेंट होती आणि मालतीबाईंनी तिथे नोकरी केलेली, त्यामुळे ते सगळं त्यांनी आतनं बघितलेलं. कादंबरीत ते उतरलंय. लांबनं हळहळणाऱ्या माणसाचं हे लिखाण वाटत नाही, आत राहून रोज तीच माणसं बघितलेल्या बाईचं वाटतं.

मग याच्या शेजारी काय ठेवायचं, तर लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' आणि लक्ष्मण मानेंचं 'उपरा'. दोन्ही आत्मकथनं, 'उपरा' १९८० चं, 'उचल्या' १९८७ चं, दोन्हींना साहित्य अकादमी मिळालेलं. तो कायदा १९५२ मध्ये देशभरातनं गेला, ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळतात, पण कायदा गेला म्हणजे पोलिसांचा आणि गावाचा संशय गेला असं थोडंच आहे. 'उचल्या' वाचताना ते पानापानावर दिसतं. आणि 'बळी' जे बाहेरनं आलेल्या, पण मनापासून बघणाऱ्या बाईने लिहिलं, तेच जग पुढे त्या जगातल्याच माणसांनी स्वतःच्या भाषेत सांगितलं. हे दोन्ही एकापाठोपाठ वाचलं की नुसतं एक वाचून जे कधीच कळणार नाही ते कळतं. मी तर म्हणेन कॉलेजात हे असंच, जोडीने शिकवायला पाहिजे.

बघा, बोटीवरच्या प्रेमकथेपासून निघालो आणि सोलापूरच्या सेटलमेंटपर्यंत आलो. कुठल्या यादीने हे केलं असतं?

दुसरी एक माझी फार लाडकी वाट म्हणजे नंदा खरे. पेशाने सिव्हिल इंजिनियर, आणि लिहायचे कादंबरी आणि खरंखुरं, दोन्ही. 'अंताजीची बखर' ही कादंबरी आहे पण बखरीच्या थाटात लिहिलेली, नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या आणि पुढे प्लासी. आपल्याला शाळेत अटकेपार झेंडे शिकवतात, बंगालमध्ये आपल्याच घोडेस्वारांनी काय केलं ते कोणी शिकवत नाही. बंगालीत आजही बाळाला झोपवायचं जे गाणं म्हणतात त्यात 'बर्गी आले' असं आहे, आणि ते बर्गी म्हणजे आपले बारगीर. हे कळल्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. अंताजी हा काही शूरवीर नाही, तो सगळीकडे जातो, बघतो, जीव वाचवतो आणि सांगतो. ती भाषा पहिली काही पानं जड जाते, नंतर तोंडात बसते, मोठ्याने वाचून बघा.

त्याच्यानंतर ठेवा विष्णुभट गोडश्यांचा 'माझा प्रवास'. हे मात्र शंभर टक्के खरं घडलेलं. पेणजवळच्या वरसईचा गरीब भिक्षुक, घरावर कर्ज, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा मिळणार असं कळतं म्हणून काकांबरोबर उत्तरेला निघतो, आणि साल असतं १८५७! वाटेतच बंडाची बातमी लागते. पुढे हा माणूस वेढा पडलेल्या झाशीत अडकतो, राणीला प्रत्यक्ष बघतो, लूट-कत्तल बघतो, स्वतः लुटला जातो, आणि शेवटी गंगेची कावड घेऊन घरी येतो. चिंतामणराव वैद्यांनी हे १९०७ साली छापलं, तोवर गोडसे भटजी हयात नव्हते. कुठल्याही थ्रिलरपेक्षा वेगवान पुस्तक आहे आणि लिहिणाऱ्याला थ्रिलर वगैरे काही लिहायचंच नव्हतं. आता गंमत अशी की अंताजी कल्पनेतला, गोडसे खरे, पण एकापाठोपाठ वाचले की दोघंही एकाच रस्त्यावरचे वाटतात, मोठ्या लोकांच्या लढाया लहान माणसाच्या अंगावरनं कशा जातात ते सांगणारे.

नंदा खऱ्यांचं 'दगडावर दगड, विटेवर वीट' सुद्धा घ्या, बांधकामाच्या धंद्यातले अनुभव आहेत. पूल आणि धरणं बांधणारा माणूस कादंबरीत अठरावं शतक कसं उभं करत असेल याचा थोडा अंदाज तिथे येतो.

हे सगळं मिळतं कुठे, हा पुढचा प्रश्न. ऑनलाइन मागवता येतं, पण तिथे तुम्ही आधी जे घेतलं त्याच्यासारखंच पुढे येत राहतं, कादंबरी घेतली की दहा कादंबऱ्या. वाचनालयात तसं होत नाही. मी ठाण्याची, आणि ठाण्याला मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं, मुंबईच्या ग्रंथसंग्रहालयापेक्षाही पाच वर्षं जुनं. आपल्या राज्यात १९६७ च्या कायद्यामुळे अनुदानावर चालणारी सार्वजनिक वाचनालयं गावोगाव आहेत, अ-ब-क-ड वर्गातली, तुमच्याही घरापासून चालत जाण्यासारखं एखादं असेलच आणि वर्गणी एका सिनेमाच्या तिकिटापेक्षा कमी असायची शक्यता जास्त. तिथे गेलात की दोन गोष्टी करा. काउंटरवर परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा असतो, अजून कपाटात न गेलेला, तो आधी बघा. गावातले लोक सध्या खरंच काय वाचतायत ते तिथे दिसतं, आणि कादंबरीखाली शेतीचं, त्याखाली मधुमेहाचं, त्याखाली कुणाचं तरी चरित्र, असं ते मिसळलेलं असतं. दुसरं म्हणजे 'संकीर्ण' असं लिहिलेलं कपाट. ज्याला कुठे बसवायचं ते कळलं नाही असं सगळं तिथे जातं, आणि माझ्या घरातली निम्मी आवडती नावं मला त्या कपाटाने दिलीयत. वाचनालय मुक्तद्वार असेल तर उत्तमच. नसेल, चिठ्ठी देऊन पुस्तक मागवायचं असेल, तर तिथल्या काका-काकूंशी बोला. त्यांना सगळं माहीत असतं आणि बहुतेक लोक त्यांना फक्त 'नवीन काय आलंय' एवढंच विचारतात. 'याच भागातलं अजून काही आहे का' असं विचारून बघा, चेहरा खुलतो.

आणि दिवाळी अंक! १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हापासून कथा, कविता, लेख, चित्रं एकाच वेष्टनात द्यायची आपल्याकडे सवयच आहे. वेगवेगळ्या तऱ्हेचं वाचून बघायचं असेल तर याच्याइतकं स्वस्त काही नाही. वाचनालयं दिवाळीनंतर योजना काढतात, थोडे पैसे भरून सगळे अंक आलटून पालटून घरी न्यायचे. अनिल अवचटांचं कितीतरी लेखन आधी अंकांमधनं, साप्ताहिकांमधनं आलं आणि नंतर पुस्तक झालं. मी अंक वाचताना एखादा लेखक आवडला की त्याचं नाव मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवते (स्वतःच्या अंकावर हां, वाचनालयाच्या नाही), वर्षभराचा शोध त्यातनंच निघतो.

मुलांच्या बाबतीतही हे चालतं. माझी भाची आठवीत आहे, गोष्टी वाचायची, पण माहितीचं पुस्तक दिलं की 'मावशी, हे अभ्यासाचं आहे' म्हणून बाजूला. तिला मी खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकरांची 'यक्षांची देणगी' दिली. त्यात 'कृष्णविवर' कथा आहे. ही कथा त्यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या खोट्या नावाने पाठवली होती, स्वतःच्या इनिशियल्स उलट्या करून, म्हणजे परीक्षकांनी नाव बघून नंबर द्यायला नको. आणि बक्षीस मिळवलं. भाचीला आधी हाच किस्सा आवडला, मग कथा आवडली, आणि मग कृष्णविवराजवळ वेळ खरंच हळू जातो का हे विचारायला लागली. त्या क्षणी 'आकाशाशी जडले नाते' हातात ठेवलं. आता ते तिच्या टेबलावर आहे, आणि ती ते हवं ते प्रकरण उघडून वाचते, सुरुवातीपासून नाही. वाचू दे. त्यांचं आत्मचरित्र 'चार नगरांतले माझे विश्व' मी तिच्यासाठी काढून ठेवलंय, दहावीनंतर देईन.

सध्या माझं काय चाललंय ते सांगून टाकते. कृष्णात खोतांची 'रिंगाण' वाचून झाली, २०२३ चं साहित्य अकादमी मिळालेली. धरणामुळे उठलेलं गाव, आणि मागे राहून रानात सुटलेल्या म्हशी, त्यांना आणायला परत जाणारा माणूस. सगळी कादंबरी त्या जंगलात श्वास रोखून चालते. ती संपल्यावर मला धरणग्रस्तांबद्दलचं, मराठीतलं, जुनं काहीतरी हवं होतं, आणि शोधता शोधता मुळशीपाशी आले. १९२१ साली मुंबईच्या गिरण्यांच्या विजेसाठी टाटांचं धरण होणार होतं आणि मावळातले शेतकरी जमीन सोडायला तयार नव्हते, सेनापती बापट त्यातनंच 'सेनापती' झाले. त्या लढ्यात स्वतः असलेल्या विनायकराव भुस्कुट्यांनी 'मुळशी सत्याग्रह' नावाचं पुस्तक लिहून ठेवलंय. वाचनालयात चिठ्ठी दिलीय, काका म्हणाले वरच्या मजल्यावर जुन्या कपाटात बघावं लागेल, गुरुवारी या. त्याच्यानंतर परत कादंबरीची पाळी, आणि गिरणगावातली एखादी घ्यावी असं डोक्यात आहे, म्हणजे ती वीज जिथे पोचली तिथली.