नवा बेल्ट लगेच चढवला नाही ते बरं झालं

काल बर्फाखाली दडलेल्या ओंडक्यावर स्नोमोबिल आदळली. मला फक्त खरचटलं. गाडी कशीबशी परत आणली, पण तेवढ्यात इंजिनाची ताकद पुढे पोचवणाऱ्या रबरी बेल्टची एक कड झिजून दोरे बाहेर आले.

वाटलं, बेल्ट बदलला की झालं. तरी आज आधी अलाइनमेंट बार लावून बघितला. प्रायमरी (इंजिनावरचा) आणि सेकंडरी क्लच, म्हणजे ज्या दोन पुलींवर बेल्ट फिरतो त्या, एका रेषेत नव्हतेच! इंजिनाचा एक रबरी माउंट फाटून अख्खं इंजिनच तिरकं सरकलं होतं. नव्या बेल्टचीही हीच गत झाली असती.

मग पुलर लावून प्रायमरी उतरवला. (तो सुटताना 'खाड्' असा आवाज होतो, दरवेळी काळजात धस्स होतं.) क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) टोकाला डायल गेज, म्हणजे बारीक वाकडेपणा मोजायचं काट्याचं मीटर, लावून हाताने फिरवलं. काटा जेमतेम हलला. हुश्श! शाफ्ट वाकला असता तर इंजिन उघडावं लागलं असतं.

क्लचमधले वेट, रोलर ठीक. त्याच्या चकतीच्या कडेचा मात्र टवका उडालाय. घासून चालवायचा मोह झाला, पण हजारो आरपीएमवर फिरणाऱ्या वस्तूशी जुगार नको. नवा क्लचच मागवलाय.

आणि 'बेल्टशिवाय नुसतं रेझ करून बघ' म्हणणाऱ्या मित्रा, बेल्टचा भार नसला तर क्लच बेफाम फिरून फुटू शकतो; तू गॅरेजपासून लांबच राहा रे.