पिस्ता रंगाचा ड्रेस

मैत्रिणीच्या लग्नाचे फोटो आले आणि मी त्यात स्वतःला शोधायला लागले. सापडले ती थेट नवरीच्या शेजारी, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत! घरून निघाले तेव्हा माझा ड्रेस फिकट पिस्ता रंगाचा होता, शपथ. फ्लॅशनं तो रंग पार पिऊन टाकला होता. आणि नवरीच्या अंगावर पांढरा गाऊन. ती मला काही बोलली नाही, पण तिच्या धाकट्या बहिणीनं फोटोवर मलाच विचारलं, "दुसरी नवरी कोण गं?"

तसं बघितलं तर पांढऱ्या गाऊनची पद्धत फार जुनी नाही. १८४० साली व्हिक्टोरिया राणीनं लग्नात पांढरं सॅटिन नेसलं आणि मग ती चाल हळूहळू रुळली. त्याआधी युरोपातल्या नवऱ्या सर्रास रंगीत कपडे घालायच्या. पण हे ज्ञान नवरीला ऐकवण्यात अर्थ नसतो.

तेव्हापासून फिका रंग निवडला की आधी फ्लॅश लावून फोटो काढून बघते. आणि खुर्चीत बसून बघते. पाहुण्याचा बराचसा वेळ बसण्यातच जातो, तरी आपण कपडे पसंत करतो ते आरशासमोर उभं राहून, पोट आत घेऊन. बसलं की खरं काय ते कळतं: गुडघ्यावर कापड किती वर सरकतं, पाठीची चेन कुठे टोचते. लिनन असेल तर विचारूच नका. त्याच्या धाग्यात लवचीकपणा कमी, त्यामुळे दहा मिनिटांत मांडीवर चुण्यांचं जाळं. आता मी लिनन लग्नाला नेतच नाही.

हिरवळीवर समारंभ असला तर पेन्सिल हील घरीच. सगळं वजन त्या एवढ्याशा टोकावर येतं आणि टाच मातीत रुतते. मी एकदा एक चप्पल मागेच ठेवून दोन पावलं पुढे गेले होते.

नवऱ्याची वेगळीच तऱ्हा. निमंत्रणावर 'ब्लॅक टाय' वाचून हा घरभर काळा टाय शोधत होता. म्हटलं, अरे, डिनर जॅकेट आणि बो टाय! शेवटी भाड्यानं आणला. खांद्यात ढगळ होता, पण चालून गेला.

आता त्याच धाकट्या बहिणीचं लग्न आहे. या वेळी आधीच फोन करून विचारलं, काय घालू?

"काहीही घाल," म्हणाली, "फक्त पिस्ता नको."