माझा अनुभव: 'नमुना चुंबकीय आहे का?'

जड तेलाच्या खडकात मॅग्नेटिक ग्राफीन ऑक्साईडचं नॅनोफ्लुइड (अतिसूक्ष्म कण मिसळलेला द्रव) सोडायचं आणि तेल किती सुटतं ते बघायचं, हे माझ्या प्रबंधाचं काम. हमर्स पद्धतीने (ग्राफाइटचं ऑक्सिडीकरण करून) ग्राफीन ऑक्साईड, त्यावर अमोनियाने बसवलेलं मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं चुंबकीय ऑक्साईड, कोअर (खडकाचा दंडगोल नमुना) धुणं, तेल भरून मुरवणं, सगळं पार पडलं. फ्लडिंगमध्ये, म्हणजे कोअरमधून द्रव दाबाने सोडताना, मात्र दाब चढला तो उतरेचना. छिद्रांच्या तोंडाशी आमचे कण अडकले होते की अस्फाल्टीन, म्हणजे तेलातला जड डांबरी भाग, साचला होता? कोअर कापून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघणं भाग होतं.

आणि तिथल्या अर्जाने मला अडवलं. रकाना होता, 'नमुना चुंबकीय आहे का?' मी खरं ते लिहिलं: हो. अर्ज परत आला, 'चुंबकीय नमुने स्वीकारले जात नाहीत.' एवढंच. फोन केला तर 'नियम अर्जावर दिलाय.' सविस्तर लिहून पुन्हा पाठवला, तरी तेच वाक्य. मला अजून त्याचा राग येतो. भीती खरी आहे, हे मान्य. सुटी चुंबकीय पूड मायक्रोस्कोपच्या भिंगाच्या चुंबकीय क्षेत्रात वर उडते, पोल पीसला (भिंगाच्या टोकाला) चिकटते आणि यंत्र उघडावं लागतं. पण माझी पूड नव्हती, खडकाची चकती होती. हा फरक सांगायला अर्जात जागाच नाही! 'नाही' लिहून टाक, असा सल्लाही मिळाला. तसं कुणीही करू नका, यंत्र सगळ्यांचं असतं.

शेवटी चकती घेऊन थेट ऑपरेटरकडे गेले. ती निर्वात पंपाखाली इपॉक्सीत मुरवून, पॉलिश करून, अल्ट्रासॉनिकमध्ये धुतलेली होती. त्यांच्यासमोर पांढऱ्या कागदावर धरून निओडिमियमचं चुंबक फिरवलं. एक कण पडला नाही. ते म्हणाले, 'हे आधी का नाही लिहिलंत?' दोनदा लिहिलं होतं. नमुना भिंगापासून लांब ठेवून, इमर्शन मोड (ज्यात नमुना भिंगाच्या चुंबकीय क्षेत्रातच असतो) बंद करून त्यांनी लगेच वेळ दिली. तुम्ही पहिल्याच अर्जाला या चाचणीचा फोटो आणि व्हीएसएमचा (नमुन्याची चुंबकीयता मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख जोडा, आणि ऑपरेटरला आधी भेटा.

इपॉक्सीआधी तेल पूर्ण काढा, नाहीतर निर्वातात त्याची वाफ सुटते. त्यासाठीचं टोल्युइन हे द्रावक सावकाश सोडा, जोराच्या प्रवाहाने कण जागा सोडतात. मायक्रोस्कोपखाली आपले कण ओळखायला शोध लोहाचाच घ्या; कार्बन तर इपॉक्सीत, तेलात आणि वरच्या कार्बनच्या लेपातही असतो. पण पायराइट आणि क्लोराइटमध्येही लोह असतं, म्हणून तुलनेसाठी त्याच कोअरची फ्लडिंगआधीची चकती राखून ठेवा.

हो, आणि नॅनोफ्लुइड टिकतं का ते तेलाच्या साठ्यातल्या खाऱ्या पाण्यात बघा. त्यातलं कॅल्शियम ग्राफीन ऑक्साईडच्या पातळ पत्र्यांना एकमेकांना चिकटवतं, ऊर्ध्वपातित पाण्यात ते कळत नाही.

आमचं लोह द्रव शिरण्याच्या टोकाशी दाट होतं, आत विरळ, म्हणजे आमचेच कण तोंडाशी अडकले होते. पुढच्या कोअरला द्रव पातळ करून, गाळून सोडला. दाब थोडा चढला आणि स्थिरावला.