मठातून परत का आले

मी मठातून परत का आले, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. शाळेच्या स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर भुसावळ स्टेशनवर रिझर्वेशनच्या रांगेत उभी असताना, गेली कित्येक वर्षं लोक मला हेच विचारत आले आहेत. शब्द बदलतात, पर्याय मात्र दोनच असतात. तुला तिथून काढलं, की तू पळून आलीस?

दोन्ही नाही. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, आणि त्यांचं चुकतही नाही. मी जिथे गेले होते तशी जागा आपल्याकडे कुणी पाहिलेलीच नाही. खान्देशात सिस्टर म्हटलं की शाळेतल्या, दवाखान्यातल्या, सातपुड्याच्या पाड्यांवर जाणाऱ्या सिस्टर डोळ्यांसमोर येतात. त्या बाजारात दिसतात, एसटीत शेजारी बसतात. मी ज्यांच्याकडे गेले त्या बाहेरच पडत नाहीत. कार्मेल नावाच्या कॅथलिक संघाचा मठ. दवाखाना, मतदान अशा कारणाशिवाय दाराबाहेर पाऊल नाही. भेटायला आलेलं माणूस जाळीच्या पलीकडे बसतं. भाजी, टपाल, औषधं भिंतीत बसवलेल्या फिरत्या कपाटातून आत जातात. लोक याला कोंडून घेणं म्हणतात. मी तो शब्द वापरत नाही, कारण तिथून निघताना मला कुणीही अडवलं नाही.

मठ कर्नाटकात आहे. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडायचं नाही.

आधी घरचं सांगायला हवं. आमचं मूळ गाव राहात्याकडचं. आजोबा रेल्वेत लागले म्हणून आम्ही भुसावळचे झालो, पप्पाही लोको शेडमध्येच होते. आमचा नाशिक धर्मप्रांत 1987 साली पुण्यातून वेगळा झाला. नगरपासून नंदुरबारपर्यंत त्याचा पसारा, पण खान्देशात आम्ही कॅथलिक मोजकेच. रविवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, कोण आलं नाही हे मागे वळून न पाहताही कळतं. अशा ठिकाणी एखादी मुलगी कार्मेलला निघाली की ती गोष्ट तिच्या एकटीची राहत नाही.

आमच्या ख्रिस्ती मराठीत याला ‘पाचारण’ म्हणतात. देवानं बोलावणं. ऐकणाऱ्याला वाटतं आकाशातून आवाज आला असेल. मला आवाज कधीच आला नाही. दहावीच्या सुट्टीत, मे महिन्यात, पहिल्या शुक्रवारच्या आराधनेला मी चर्चमध्ये बसले होते. बाहेर पंचेचाळीस अंश. लाइट गेलेली, पंखा बंद, अंगातून घाम निथळत होता, आणि मला उठावंसंच वाटेना. तासभर मी काही मागितलं नाही, काही म्हटलं नाही. घरी गेल्यावर आई म्हणाली, चेहरा असा का झालाय गं तुझा? मला सांगता आलं नाही. तो तास खरा होता, हे मी आजही म्हणते. पुढे जे झालं त्यानं तो खोटा ठरत नाही.

2015 मध्ये पप्पा अचानक गेले. ज्याच्या घरातून नोकरीतला माणूस गेलाय त्याला पुढचं सांगावं लागणार नाही. फॅमिली पेन्शन, ग्रॅच्युइटी, भावाची अनुकंपाची फाइल, क्वार्टर खाली करायची तारीख. आई खचली होती आणि भाऊ लहान, त्यामुळे सगळ्या खिडक्यांवर मीच उभी राहायची. आणि घरात माणसं. रोज माणसं. सांत्वनाला आलेले नातेवाईक तिसऱ्या दिवशी पैशांवर येत. कुणी पप्पांना दिलेल्या उसन्या पैशांची गोष्ट काढी, कुणी अनुकंपाची नोकरी आपल्या मुलाला मिळावी म्हणून आईच्या कानाशी लागे. वर्षभर मी चहा केला आणि ऐकून घेतलं. त्याच वर्षी मठात पहिलं पत्र लिहिलं. पप्पांचं जाणं आणि ते पत्र यांच्यात काही नातं असेल, असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

मठानं मला लगेच ‘ये’ म्हटलं नाही. आधी आमच्या फादरांचं पत्र मागितलं. मग बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे दाखले, लग्न झालेलं नसल्याचा दाखला, डॉक्टरांची तपासणी. आणि एक प्रश्न, जो वाचून मी चमकले: तुझ्या नावावर कर्ज आहे का? होतं. बीएडचं, 1,80,000 रुपये. ते आधी फेड, असं उत्तर आलं. चर्चच्या कायद्यात तसं कलमच आहे, न फिटणारं कर्ज डोक्यावर असलेल्याला व्रताच्या वाटेवर घेत नाहीत. आज मला त्यातलं शहाणपण दिसतं. सावकार मागे लागलाय म्हणून कुणी देवाच्या आडोशाला येऊ नये. मी अडीच वर्षं शिकवून ते फेडलं, मधल्या काळात दोनदा पंधरा-पंधरा दिवस तिथे राहून आले, आणि जून 2018 मध्ये लोखंडी पेटी घेऊन कर्नाटक एक्स्प्रेसमध्ये बसले. आई स्टेशनवर रडली नाही. तिनं कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता.

आतला दिवस घंटेवर चालतो. पावणेपाचला पहिली घंटा. स्तोत्रं म्हणायला दिवसातून सात वेळा चॅपलमध्ये जमायचं, शिवाय सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास मौन प्रार्थना. मधल्या वेळात काम: बाग, शिवण, स्वयंपाक, आणि मिस्सात वाटायच्या पातळ भाकरी, म्हणजे होस्त्या, करणं. मैद्याचं पातळ पीठ तापलेल्या साच्यात ओतायचं, पापडासारखा पत्रा निघाला की दमट करून गोल कापायचे. घंटा झाली की हातातलं काम जिथल्या तिथे टाकायचं. पत्र लिहीत असाल तर शब्दसुद्धा पुरा करायचा नाही. मला हे फार आवडायचं. मांसाहार नाही, सप्टेंबरपासून ईस्टरपर्यंत लांबलचक उपास, रात्री पूर्ण मौन. लोकांना वाटतं हेच अवघड असणार. मला यातलं काहीच जड गेलं नाही. पहाटेचा तो तास तर मी भुसावळच्या चर्चमध्ये जिथे सोडला होता तिथूनच पुढे सुरू झाला.

जड गेला तो करमणुकीचा तास.

हो, असा तास असतो. दोन्ही जेवणांनंतर. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये संत तेरेजानं कार्मेलमध्ये सुधारणा केली, तेव्हा तो तिनं मुद्दाम घातला. ती स्वतः दीडशेहून जास्त बायकांच्या मठात वाढली होती, आणि 1562 साली आविला इथे तिनं पहिला लहान मठ काढला तो फक्त तेरा जणींसाठी. पुढे ही मर्यादा एकवीस झाली. इतक्याच का? कारण सगळ्यांची सगळ्यांशी मैत्री व्हायला हवी, असं तिचं म्हणणं होतं. म्हणून दिवसातून दोनदा गोल करून बसायचं, हातात विणकाम नाहीतर निवडायची भाजी घ्यायची, आणि बोलायचं, हसायचं. प्रार्थनेइतकंच ते नियमात आहे.

तिथे बसलं की माझ्या पोटात गोळा यायचा. ऐंशीच्या घरातल्या एक सिस्टर आपल्या गावच्या पुराची तीच गोष्ट रोज सांगत. दुसऱ्या एक माझ्या इंग्रजीची थट्टा करत, अगदी प्रेमानं. कुणी कुणाचं मन दुखवत नव्हतं. तरी मला ती माणसं सोसवत नव्हती. मी त्या वेळात भांडी मागून घेऊ लागले. आजारी सिस्टरांना जेवण द्यायचं असेल तर मी. होस्त्यांचं काम उरलं असेल तर मी. सगळ्या म्हणायच्या, किती सेवाभावी मुलगी आहे. मलाही तसंच वाटायचं.

आम्हा नव्या मुलींना बघणाऱ्या सिस्टरांना मात्र तसं वाटलं नाही. आठव्या महिन्यात त्यांनी मला बागेत बोलावलं आणि विचारलं, ‘तुझे वडील गेल्यावर घरी किती माणसं यायची?’

मला प्रश्नाचा रोखच कळला नाही. मी सांगायला लागले, आणि थांबताच येईना. चहाचे कप, उसन्या पैशांच्या गोष्टी, एका काकांनी आईला काय म्हटलं ते. सांगताना मला इतका राग आला की हात थरथरायला लागले. सिस्टर काही बोलल्या नाहीत. आठवडाभर नाहीच बोलल्या. मग एकदा भाजी निवडताना म्हणाल्या, ‘इथे आम्ही अठरा जणी आहोत. यातली एकही तू निवडलेली नाहीस, आणि मरेपर्यंत याच. माणसांपासून लांब जायचं असेल तर यापेक्षा चुकीची जागा नाही.’

त्यांनी मला जा म्हटलं नाही. उलट म्हणाल्या, घाई करू नकोस, बघू. मी पुढच्या टप्प्यावर गेले, पोस्ट्युलंट झाले. भांडी मागणं बंद केलं आणि रोज गोलात बसले. पुराची गोष्ट ऐकली. झोप उडाली, वजन उतरलं. मी स्वतःला सांगत राहिले की हा माझा त्याग आहे, देवाला हेच हवंय. सिस्टरांनी तेही उचलून धरलं नाही. दुःख होतंय म्हणजे ते देवाकडूनच आलंय असं नसतं, म्हणाल्या, इथे राहणाऱ्या बाईला इथे जेवण गेलं पाहिजे, झोप लागली पाहिजे, हसू आलं पाहिजे. मी त्या ऐंशीच्या सिस्टरांकडे पाहिलं. साठ वर्षं त्या आत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू होतं. माझ्या ओळखीची शांतता म्हणजे दार लावून घेतल्यावरची शांतता. त्यांची वेगळी होती.

सप्टेंबर 2019 मध्ये, उपासाचा काळ सुरू झाल्यावर आठवड्याभरानं, मी निघाले. निर्णय कुणाचा? माझा, आणि त्यांचाही. आम्ही एकाच आठवड्यात तिथे पोचलो, एवढंच सांगता येईल. मठप्रमुख मदरांनी होस्त्या कापून उरलेलं कात्रण एका डब्यात भरून दिलं, आईसाठी. गाडीत मी ते थोडं खाल्लं आणि सोलापूर जाईपर्यंत रडले.

घरी आल्यावर आमच्याच काही लोकांनी सुनावलं की नांगराला हात घातल्यावर मागे पाहू नये. शुभवर्तमानातलं वाक्य आहे, त्याला मी उलट बोलणार नाही. पण चर्चनं स्वतः या वाटेवर किती दारं ठेवली आहेत ते त्यांनी पाहावं. 1563 साली ट्रेंटच्या धर्मसभेनं मुलीला मनाविरुद्ध मठात घालणाऱ्यांना धर्मबहिष्काराची शिक्षा ठरवली. नॉव्हिस, म्हणजे अजून व्रतं न घेतलेली उमेदवार, कधीही उठून घरी जाऊ शकते. आणि 2018 च्या व्हॅटिकनच्या नियमांप्रमाणे बंदिस्त मठातल्या मुलीला कायमची व्रतं घेण्याआधी नऊ ते बारा वर्षं घडणीत घालवावी लागतात. परत येणं पाप असतं तर एवढी वर्षं कशाला ठेवली असती? माझे पंधरा महिने त्या तपासणीतलेच होते.

मला सगळ्यात नीट समजून घेतलं ते शेजारच्या मावशींनी. मुक्ताईनगरकडच्या, लेवा पाटील, वारी न चुकवणाऱ्या. आल्याच्या दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून त्यांनीही तेच विचारलं, ‘कशाले परत आली वं पोरी?’ मी त्यांना भांड्यांचं सांगितलं, पप्पांचं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘ज्ञानोबानंबी लावली व्हती ताटी. लोकांवर रुसला व्हता. मुक्ताईनं उघडाले लावली.’ मग उठून त्यांनी भरिताची वांगी आणून दिली. ताटीची गोष्ट मी शाळेत शिकले होते, मुलांना शिकवलीही होती. ती माझी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

म्हणून कुणी विचारलं की त्या सिस्टरही रुसूनच बसल्या आहेत का, तर मी ठाम नाही म्हणते. मी त्यांना पाहिलंय. त्यांनी लावलेलं दार रागानं लावलेलं नाही. ‘पण त्यांचा जगाला उपयोग काय’ हा प्रश्नही ठरलेला. लिस्यूची संत तेरेजा, ही दुसरी, फ्रान्समधली, पंधराव्या वर्षी कार्मेलमध्ये गेली, चोविसाव्या वर्षी तिथेच वारली, एकाही मिशनवर गेली नाही. 1927 मध्ये चर्चनं तिला सगळ्या मिशनकार्याची आश्रयदाती ठरवलं. पटवून घ्यायला मलाही वेळ लागला होता, तुम्हाला लागला तर मी समजू शकते.

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातली एक मुलगी माझ्याकडे आली. तिलाही जायचंय. ती विचारत होती, पाचारण आहे हे कळतं कसं, ताई? मी तिला प्रार्थनेबद्दल काही विचारलं नाही. तू कुणावर रागावली आहेस का, एवढं विचारलं, आणि तिथे राहायला गेलीस की करमणुकीच्या तासाला कुठलंही काम मागून घेऊ नकोस म्हणून सांगितलं. ती दोनदा राहून आली आहे. परत आल्यावर तिनं मला कुठल्याशा सिस्टरच्या पुराची गोष्ट सांगितली, आणि सांगता सांगता इतकी हसली की तिला पुढचं बोलता येईना. मी माझी लोखंडी पेटी तिच्यासाठी काढून ठेवली आहे.

मी पुन्हा जाणार का? नाही. मी शाळेत शिकवते, आईबरोबर राहते, काकांच्या घरी लग्नकार्याला जाते आणि शेवटपर्यंत थांबते. पहाटेचा तास तेवढा ठेवला आहे. पावणेपाचला उठून गॅलरीत बसते, ऊन चढायच्या आत. तिथे आता घंटा झाली असेल, हे मनात येतंच. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी पाच-सव्वापाचलाच खालून आईची हाक येते, ‘पाणी आलं गं!’ मी उठते.