होळकरांची ड्यूसेनबर्ग, १/२४ : पुट्टीपासून पॉलिशपर्यंत

इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी १९३५ च्या सुमारास बांधलेल्या ड्यूसेनबर्ग एसजे स्पीडस्टरचे १/२४ मापातले मॉडेल मी करत आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. मागच्या नोंदीच्या वेळी बॉडी चासीवर नुकती बसली होती. आता नारिंगी आणि काळा हे दोन्ही रंग चढले आहेत, क्लिअरचे, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचे, हात वाळले आहेत आणि पॉलिशचे जवळजवळ निम्मे काम झाले आहे. त्यामुळे ही नोंद मुख्यतः रंगकामाविषयी आहे; चाके, दिवे आणि अंतर्भाग यांबद्दल शेवटी थोडक्यात लिहितो.

गाडीची ओळख नव्या मंडळींसाठी करून देतो. ड्यूसेनबर्गची मॉडेल जे ही गाडी १९२८ साली न्यूयॉर्कमध्ये लोकांसमोर आली. एका रांगेत आठ सिलिंडर, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, ६.९ लिटरचे इंजिन आणि कंपनीच्या सांगण्यानुसार २६५ अश्वशक्ती, असा तिचा थाट होता. १९३२ मध्ये सुपरचार्जर लावलेली एसजे आली आणि हा आकडा ३२० वर गेला. ड्यूसेनबर्ग फक्त चासी आणि इंजिन बनवीत असे. बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून करून घ्यायची. यशवंतरावांची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने केली आणि तिचे रेखाटन ए. एफ. मॅकनील यांचे होते. याच महाराजांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला होता. आज तिथे केंद्रीय करखात्याचे कार्यालय आहे, पण त्या वास्तूच्या साध्या, अलंकारविरहित रेषा पाहिल्या की ही गाडी त्याच माणसाने पसंत केली असणार हे पटते. मूळ गाडी मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. सगळे काम छायाचित्रांवरून चालले आहे.

माझ्या पिढीतल्या अनेकांप्रमाणे माझीही सुरुवात निकी टॉइजच्या गाड्यांपासून झाली. डिंकी या ब्रिटिश खेळण्यातल्या गाड्यांचे जुने साचे कलकत्त्याला आणून तिथे या धातूच्या गाड्या ओतल्या जात. त्यांच्यावरचा रंग लवकर उडे आणि मग सायकलच्या दुकानातून आणलेल्या इनॅमलने ती गाडी पुन्हा रंगवणे हा सुट्टीतला उद्योग असे. ब्रशच्या त्या जाड थराखाली दारांच्या रेषा बुजून जात आणि गाडी एकदम खेळण्यासारखी दिसू लागे. त्या वयात याचे काही वाटत नसे. आता मात्र माझ्या मते मोटारीच्या मॉडेलमधला सगळा प्रश्न रंगाच्या जाडीचाच आहे, आणि या बांधणीत मी जे जे निर्णय घेतले ते त्याच एका गोष्टीभोवती फिरतात.

हिशेब अगदी सोपा आहे. आजच्या कारखान्यातून निघालेल्या गाडीवर रंगाचा एकूण थर साधारण १०० ते १२० मायक्रॉन असतो. १/२४ मध्ये तो चार-पाच मायक्रॉन व्हायला हवा, आणि तेवढा पातळ थर आपल्यापैकी कोणालाही देता येणार नाही. प्रायमर, पांढरा, रंग आणि क्लिअर मिळून आपला थर सहज ८० मायक्रॉनवर जातो. खऱ्या गाडीच्या मापाने पाहिले तर हा जवळजवळ दोन मिलिमीटर जाडीचा रंग झाला. आता दाराची फट पाहा. खऱ्या गाडीत ती चार मिलिमीटर धरली तर मॉडेलवर ०.१७ मिलिमीटर येते. फटीच्या दोन्ही कडांवर ८०-८० मायक्रॉनचा थर बसला की ती फट रंगानेच भरली. म्हणून दारे, बॉनेट आणि मागच्या झाकणाच्या सगळ्या रेषा मी प्रायमरच्या आधीच स्क्राइबरने (रेषा कोरण्याच्या टोकदार हत्याराने) ०.३ मिलिमीटरपर्यंत रुंद आणि चांगल्या खोल करून घेतल्या. कच्च्या प्लॅस्टिकवर त्या बेढब दिसतात. त्यावर रंगाचे सगळे हात पडले की नेमक्या मापावर येतात.

बॉडीच्या बांधणीबद्दल एवढेच सांगतो की शिवणीच्या लाकडाचा साचा कोरून त्यावर एक मिलिमीटरचे हिप्स शीट (स्टायरीन जातीच्या प्लॅस्टिकचा पत्रा) तापवून ओढले. चासी एका जुन्या अमेरिकन किटची आहे. या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर) लांब जातीचा, म्हणजे १५३.५ इंचांचा असल्यामुळे मॉडेलवर तो १६२.५ मिलिमीटर हवा. आखूड जातीचा १४२.५ इंचांचा व्हीलबेस १५०.८ मिलिमीटर येतो. दोन्हींतला फरक बारा मिलिमीटरच्या आतच आहे, पण याच फरकावर या गाडीचे सगळे लांबट, जमिनीला धरून निघालेले रूप अवलंबून आहे. तेव्हा कोणतेही किट घेतले तरी आसाच्या छिद्रांमधले अंतर कॅलिपरने मोजून पाहावे. खोक्यावर काय छापले आहे याला अर्थ नाही. चासीचे गज मधोमध कापून आतून चौकोनी स्टायरीन पट्टी देऊन मी ते वाढवले आणि सांध्यांवर एम-सील भरले. मडगार्ड बॉडीला मिळतात तिथल्या गोलाईवर मात्र मॉडेलसाठीची बारीक लांबी, म्हणजे पुट्टी, वापरली, कारण एम-सील घासताना मऊ प्लॅस्टिक त्याच्या आधी झिजते आणि कडेला खळगा पडतो.

प्रायमरचे दोन पातळ हात दिले. राखाडी प्रायमर खोट दाखवण्यासाठी उत्तम, पण नारिंगीच्या खाली तो तसाच ठेवला तर वरचा रंग मातकट होतो. नारिंगी रंगद्रव्य जात्याच थोडे पारदर्शक असते आणि राखाडी झाकण्यासाठी हातामागून हात द्यावे लागतात, म्हणजे पुन्हा जाडीच वाढते. पांढऱ्यावर थेट नारिंगी मारला तर दुसरी अडचण येते : जिथे रंग जरा जास्त बसला तिथे तो लालसर दिसतो आणि कडांवर पिवळट राहतो. यासाठी मी पांढऱ्यावर सोनेरी पिवळ्याचा एक हात दिला आणि त्यावर नारिंगी. पिवळ्याने अर्धे काम आधीच केलेले असल्यामुळे नारिंगीचे दोन हात पुरले आणि बॉडीभर एकच छटा आली.

छटेबाबत मतभेद होऊ शकतात. महाराजांच्या गाडीचे रंग नारिंगी आणि काळा होते, पण हा नारिंगी नेमका किती केशरी, यावर छायाचित्रे एकमेकांशी जुळत नाहीत. लहान पृष्ठभागावर कोणताही रंग अधिक गडद वाटतो, म्हणून आपण तो थोडा फिकट करतो, हे सर्वांना माहीत आहे. नारिंगीत पांढरा मिसळला की तो खडूसारखा आणि गुलाबी दिसू लागतो. तो पिवळ्यानेच उजळावा, असे माझे ठाम मत झाले आहे. गाडीरंगाच्या दुकानात शेजारी काळा कागद ठेवून मी छटा मिसळून घेतली, कारण काळ्याशेजारी नारिंगी अधिक तेजस्वी दिसतो आणि नुसता पाहिलेला नमुना फसवतो. दुकानदाराने मोठ्या मापाच्या तळाशी पडलेले ते थेंब पाहून विचारले, ‘भिया, इत्ते से रंग में क्या पुतेगा?’ मी खिशातून बॉडी काढून दाखवली, तेव्हा त्याने स्वतःहून आणखी एक थेंब पिवळा घातला, आणि तो बरोबर होता.

गाड्यांचा हा पीयू (पॉलियुरेथेन) बेसकोट, म्हणजे क्लिअरखालचा रंगाचा थर, मॉडेलसाठी मला आवडतो, कारण त्यात रंगद्रव्य भरपूर असते आणि अगदी पातळ थरात तो झाकतो. मात्र त्याचा थिनर उघड्या स्टायरीनला खातो, त्यामुळे प्रायमर सगळीकडे, विशेषतः मडगार्डच्या आतल्या बाजूने, अखंड बसलेला असणे आवश्यक आहे. एअरब्रशची (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाची) ०.३ मिलिमीटरची सुई, १५ ते १८ पीएसआय दाब आणि आठ-दहा सेंटिमीटर अंतर, एवढ्यावर सगळे काम झाले.

आता हवेचे. माळव्यात राहून मॉडेल रंगवणाऱ्याने पंचांग पाहिलेच पाहिजे. जुलै-ऑगस्टमध्ये लॅकर मारला की थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतले बाष्प ओल्या रंगावर बसून पांढरी झाक येते. रिटार्डर (रंग सावकाश वाळवणारे द्रव) घालून हे काही अंशी टळते, पण सततच्या दमट हवेत चकाकीचे काम करू नये. मे महिन्यात नेमके उलटे : पारा चाळिशीच्या वर, हवा कोरडी, आणि रंगाचा थेंब बॉडीपर्यंत पोहोचण्याआधीच अर्धा वाळतो, त्यामुळे पृष्ठभाग खरखरीत होतो, शिवाय लूबरोबर येणारी धूळ असतेच. म्हणून कोरीवकाम, लांबी आणि घासणे पावसाळ्यात, आणि रंग दिवाळी उलटल्यानंतर, असा माझा क्रम ठरलेला आहे. कडाक्याच्या थंडीत रंगाची बाटली कोमट पाण्यात ठेवून वापरावी लागते, एवढाच त्रास.

नारिंगी आधी आणि काळा नंतर, हा क्रम उघड आहे. दोन रंगांची सीमा छायाचित्रांवरून पेन्सिलीने आखून घेतली. वळणांवर दोन मिलिमीटरची लवचीक टेप लावली आणि तिच्या मागे तामिया या जपानी मॉडेल कंपनीची नेहमीची पिवळी टेप. टेपची कड नखाने दाबून झाल्यावर काळ्याच्या आधी तिच्यावर नारिंगीचाच एक अगदी हलका फवारा मारला. टेपखाली झिरपायचे असेल तर तो नारिंगी झिरपतो, नारिंगीवर दिसत नाही आणि फट बंद होते. मग काळ्याचे दोन पातळ हात. काळा हाताला लागेनासा होताच टेप स्वतःवर दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ओढत काढली. रेषा मनासारखी स्वच्छ आली. तिथे बोटाला जाणवणारी जी बारीक पायरी राहते ती याच वेळी घासायला जाऊ नये; काळ्याची भुकटी नारिंगीत शिरते. ती क्लिअरखाली जाऊ द्यावी आणि मग सपाट करावी.

क्लिअरसाठी टू-के (हार्डनर मिसळून वापरायचा दोन भागांचा) की लॅकर (नुसता थिनर उडून वाळणारा), हा आपल्यातला जुना वाद आहे. टू-के एका हातात काचेसारखा बसतो, हे खरे. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात आणि घराच्या बाल्कनीत, शेजारी मुले खेळत असताना, तो फवारणे मला मान्य नाही. साधा गाळणीचा मास्क लावून हा प्रश्न सुटत नाही. मी लॅकर क्लिअरच घेतला : आधी दोन कोरडे हात, मग दोन ओले. त्यानंतर बॉडी बल्ब लावलेल्या लाकडी पेटीत ठेवली. पेटीत थर्मामीटर हवाच आणि तापमान ४५ अंशांच्या आत हवे, नाहीतर पातळ ओढलेले शीट कुठेतरी वाकते. वाळले की नाही हे घड्याळावरून ठरवू नये. बॉडीजवळ नाक नेऊन थिनरचा वास येतो का, ते पाहावे. वास आहे तोवर रंग आकसतो आहे आणि आज केलेले पॉलिश पुढच्या आठवड्यात बसके दिसेल.

पॉलिशला २००० च्या वॉटर पेपरने सुरुवात केली, साबणाच्या पाण्यात, आणि फक्त सपाट भागांवर. बॉनेटच्या मधल्या उंचवट्यावर आणि मडगार्डच्या ओठांवर थर मुळातच पातळ असतो. तिथे ३००० पेक्षा खरखरीत पेपर वापरू नये आणि कडेला तर पेपर लावूच नये. त्यासाठी कडांवर एक मिलिमीटरची टेप लावून ठेवली आहे. नारिंगी-काळ्याची पायरी आता नख फिरवले तरी लागत नाही. पुढे तामियाची तिन्ही कंपाउंड क्रमाने, सुती बनियनच्या तुकड्याने. डावी बाजू पूर्ण झाली आहे. ट्यूबलाइट तिच्यात सरळ रेषेत दिसते, दाराच्या फटीशी तुटते आणि पलीकडे त्याच रेषेत पुढे जाते. दाराच्या रेषेचे हे तुटणे जाड रंगात कधीच मिळत नाही.

चाकांच्या आऱ्यांसाठी गिटारची सर्वांत बारीक तार घेतली आहे. ती ०.२३ मिलिमीटरची, म्हणजे खऱ्या मापात साडेपाच मिलिमीटर. किंचित जाड, पण किटमधल्या ओतीव आऱ्यांपुढे फारच नाजूक. रिमला छिद्रे पाडण्याचा जिग (छिद्रे नेमक्या जागी यावीत म्हणून केलेला साचा) तयार झाला आहे. इंजिन ड्यूसेनबर्गच्या ठरलेल्या हिरव्या रंगात रंगवून बाजूला ठेवले आहे आणि बॉनेटच्या बाहेर येणारे क्रोमचे एक्झॉस्ट पाइप गिटारच्याच जाड, गुंडाळलेल्या तारेचे करणार आहे, कारण मुळातले पाइप तसेच कड्याकड्यांचे आहेत. विंडस्क्रीनची चौकट आणि बाजूच्या पट्ट्यांसाठी बेअर-मेटल फॉइल, म्हणजे चिकटवायचा अगदी पातळ धातूचा वर्ख. ते पॉलिश पूर्ण झाल्यावरच लावायचे.

अडले आहे ते डॅशबोर्डपाशी. मीटरांची मांडणी सरळ समोरून दिसेल असे छायाचित्र मला मिळालेले नाही. जी आहेत ती सगळी दाराच्या बाजूने तिरपी घेतलेली आहेत. कोणाच्या संग्रहात, जुन्या मासिकात वा लिलावाच्या कॅटलॉगमध्ये तसे पान असेल तर त्याची प्रत जरूर पाठवावी. तोवर उजवी बाजू पॉलिश करून घेतो.